द्विपद प्रयोगातील असाधारण फले आणि ‘अनुभवसिद्ध’ नियमाचे अधिकारक्षेत्र

१

संख्याशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांतील जे नियम विद्यार्थ्याच्या हाती सर्वांत आधी पडतात आणि त्याच्या स्मरणात सर्वांत अधिक काळ टिकतात, त्यांत ‘अनुभवसिद्ध नियमा’ची गणना करावी लागेल. प्रसामान्य वितरणाशी मिळत्याजुळत्या सामग्रीत सुमारे ६८ टक्के निरीक्षणे माध्यापासून एका प्रमाण विचलनाच्या आत, सुमारे ९५ टक्के दोहोंच्या आत व सुमारे ९९.७ टक्के तिहींच्या आत पडतात, एवढेच हा नियम सांगतो. द्विपद प्रयोगास तो लावण्याची रीत त्याहून सोपी आहे. चाचण्यांची संख्या व यशाची संभाव्यता यांचा गुणाकार म्हणजे माध्य. त्यास अपयशाच्या संभाव्यतेने पुन्हा गुणून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. मिळालेले फल माध्यापासून दोन प्रमाण विचलनांहून दूर असेल तर ते ‘असाधारण’, तिहींहून दूर असेल तर ‘अत्यंत असाधारण’. हे गणित पाच मिनिटांत उरकते. म्हणूनच मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र आणि अलीकडे भाषाविज्ञान यांच्या प्रबंधांत त्याचा संचार वाढला आहे. या सुलभतेची किंमत काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पहिली गफलत नावातच आहे. ‘अनुभवसिद्ध’ हे विशेषण कानी पडताच असा ग्रह होतो की, कोणी तरी पुष्कळ निरीक्षणे गोळा करून त्यांतून हा नियम काढला असावा आणि म्हणून अनुभवाच्या कोणत्याही प्रांतात तो निःशंकपणे वापरता यावा. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. अब्राहम द म्वाव्र याने १७३३ साली लॅटिन भाषेत एक छोटे टिपण छापले. मोठ्या घातांकाच्या द्विपद विस्तारातील पदांची बेरीज सोप्या रीतीने कशी काढावी, हा त्याचा विषय होता. समान संभाव्यतेचे ३६०० प्रयोग केले असता यशांची संख्या १७७० ते १८३० यांच्या दरम्यान राहण्याची संभाव्यता त्याने ०.६८२६८८ इतकी काढली. येथे माध्य १८०० आणि प्रमाण विचलन ३० आहे. ‘६८ टक्क्यां’चा उगम तो हाच. म्हणजे हा नियम जन्मला तो द्विपद प्रयोगाच्या घरी, आणि निरीक्षणातून नव्हे तर गणिती निगमनातून. निगमनाचे बळ त्याच्या गृहीतकांइतकेच असते. गृहीतके सुटली की निष्कर्षही सुटतो. नावाने मात्र हा संबंध झाकून टाकला, आणि सशर्त असलेल्या नियमास बिनशर्ततेचा मान मिळाला.

दुसरी गफलत ‘असाधारण’ या शब्दाची आहे. व्याकरणदृष्ट्या ते विशेषण असल्यामुळे ते फलाचा एखादा गुण सांगते, असा भास होतो. ‘लाल फूल’ म्हणताना लाली फुलात असते, त्याप्रमाणे असाधारणत्व त्या फलात असावे, असे वाटते. परंतु अर्थदृष्ट्या हा शब्द ‘धाकटा’ किंवा ‘शेजारचा’ यांच्या जातीचा आहे. कोणापेक्षा धाकटा व कोणाच्या शेजारचा हे सांगितल्याशिवाय ते शब्द पुरे होत नाहीत. असाधारण फल हे नेहमी कोणत्या तरी प्रतिमानाच्या संदर्भात असाधारण असते. प्रतिमान बदलले की तेच फल साधारण ठरते. हा संदर्भ वगळून केलेले विधान अपुरे असते. आणि अपुरे विधान पुरे म्हणून स्वीकारले गेले, तर त्यातून कसे निष्कर्ष निघतात, याचे विसाव्या शतकातील सर्वांत बोधप्रद उदाहरण अतींद्रिय संवेदनाच्या प्रयोगांत सापडते.

२

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जे. बी. राइन यांनी १९३० नंतरच्या दशकात हे प्रयोग चालविले व १९३४ साली त्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोगाचे साधन साधे होते. त्यांचे सहकारी मानसशास्त्रज्ञ कार्ल झेनर यांनी सुचविलेली वर्तुळ, अधिकचिन्ह, नागमोडी रेषा, चौकोन व तारा ही पाच चिन्हे प्रत्येकी पाच पत्त्यांवर छापून २५ पत्त्यांचा जोड तयार केलेला असे. पत्ता न पाहता त्यावरील चिन्ह ओळखावयाचे. केवळ तर्काने सांगितले तर यशाची संभाव्यता एकपंचमांश. म्हणून एका जोडास माध्य ५ आणि प्रमाण विचलन बरोबर २. अनुभवसिद्ध नियम शिकविण्यासाठीच जणू हा प्रयोग रचला असावा, इतके हे आकडे सुटसुटीत आहेत. १ ते ९ ही साधारण फले. १० किंवा अधिक असाधारण. १२ किंवा अधिक अत्यंत असाधारण.

या सुटसुटीतपणातही थोडी तपासणी आवश्यक आहे. द्विपद सूत्राने नेमके गणित केले, तर ३ ते ७ या मर्यादेत पडण्याची संभाव्यता ६८ नव्हे तर सुमारे ७९ टक्के येते. १ ते ९ या मर्यादेत सुमारे ९७.९ टक्के. कारण उघड आहे. यशांची संख्या पूर्णांकांनीच पुढे सरकते, तर प्रसामान्य वक्र अखंड असतो. सीमेवरचे आकडे आत धरले की टक्केवारी फुगते. शिवाय दोन्ही बाजू सारख्या नाहीत. शून्य यशाची संभाव्यता सुमारे ०.४ टक्के, तर १० किंवा अधिक यशांची सुमारे १.७ टक्के आहे. नियम ज्या सममितीवर उभा आहे ती येथे नाही. तथापि हा दोष किरकोळ समजावा. चाचण्यांची संख्या वाढली की तो ओसरतो.

खरा प्रश्न मोठ्या मालिकांचा आहे. १९३३–३४ मध्ये ह्यूबर्ट पिअर्स या विद्यार्थ्यावर जे. जी. प्रॅट यांनी केलेल्या प्रसिद्ध मालिकेत पिअर्स एका इमारतीत आणि पत्ते दुसऱ्या इमारतीत अशी व्यवस्था होती. एकूण १८५० चाचण्या झाल्या. अपेक्षित यशे ३७०, प्रमाण विचलन सुमारे १७.२, प्रत्यक्ष यशे मात्र ५५८. माध्यापासूनचे अंतर १८८ म्हणजे जवळजवळ ११ प्रमाण विचलने. तीन विचलनांची मर्यादा येथे फार मागे राहिली. हे फल यदृच्छेचे आहे असे कोणत्याही संख्याशास्त्रज्ञाला म्हणता येणार नाही, आणि तसे कोणी म्हटलेही नाही. उलट गणिती संख्याशास्त्राच्या अमेरिकन संस्थेचे अध्यक्ष बर्टन कँप यांनी १९३७ साली दिलेल्या निवेदनाचा आशय असा होता की, राइन यांच्या प्रयोगांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण मूलतः ग्राह्य आहे. त्यांवर आक्षेप घ्यावयाचा तर तो गणिताबाहेरील आधारावर घ्यावा लागेल.

हे निवेदन राइन यांच्या अनुयायांनी प्रमाणपत्रासारखे मिरविले. परंतु ते बारकाईने वाचले तर त्यात प्रमाणपत्राइतकीच ताकीदही आहे. गणित बरोबर आहे, याचा अर्थ ‘हे फल द्विपद प्रतिमानात बसत नाही’ हे वाक्य बरोबर आहे, एवढाच. ‘म्हणून ते अतींद्रिय आहे’ हे दुसरे वाक्य गणिताने दिलेले नाही. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना एक मोठी दरी ओलांडावी लागते, आणि ११ प्रमाण विचलनांनी तिची रुंदी एका बोटानेही कमी होत नाही.

३

ही दरी कशाची आहे ते पाहण्यासाठी द्विपद प्रतिमानाची गृहीतके एकेक करून तपासावी लागतात. चाचण्यांची संख्या आधी ठरलेली असावी. प्रत्येक चाचणीत यशाची संभाव्यता तीच राहावी. एका चाचणीच्या फलाचा दुसरीवर परिणाम होऊ नये. नियम या सर्वांची एकत्रित परीक्षा घेतो. फल सीमेबाहेर गेले तर ‘यांपैकी काही तरी सुटले आहे’ असे तो सांगतो. काय सुटले हे तो सांगत नाही.

झेनर पत्त्यांतच हे किती सहज घडते ते पाहावे. जोडात प्रत्येक चिन्हाचे बरोबर पाचच पत्ते असतात, म्हणून चाचण्या मुळातच परस्परांपासून पूर्ण स्वतंत्र नाहीत. एखाद्याने २५ वेळा केवळ ‘तारा’ असेच म्हटले, तर त्याला दर वेळी बरोबर ५ यशे मिळतील. त्याच्या बाबतीत प्रमाण विचलन २ नसून शून्य आहे. पाचही चिन्हे पाचपाच वेळा सांगणाऱ्याचे प्रमाण विचलन सुमारे २.०४ येते. हा फरक थोडा आहे, परंतु पुढचे उदाहरण तसे नाही. समजा, प्रत्येक अंदाजानंतर पत्ता उलटून दाखविला. मग ज्या चिन्हाचे सर्वाधिक पत्ते शिल्लक असतील तेच चिन्ह सांगत जाणारा हिशेबी मनुष्य एका जोडात सरासरी सुमारे ८.६५ यशे मिळवील. अशा १०० जोडांत अपेक्षित ५०० ऐवजी सुमारे ८६५ यशे येतील. द्विपद प्रतिमानाने येथे प्रमाण विचलन २० आहे, म्हणजे हे फल १८ विचलनांहूनही दूर पडले. त्यात अतींद्रिय काही नाही. आहे ती केवळ बोटांवरची मोजदाद. पिअर्स–प्रॅट मालिकेत पत्ते असे दाखविले जात नव्हते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. मुद्दा त्या मालिकेचा नाही, नियमाचा आहे. अंतर जितके मोठे तितके कारण गूढ, हे समीकरण मुळातच चुकीचे आहे.

पत्ते पिसण्याचा प्रश्नही याच वर्गातला. संभाव्यता एकपंचमांश धरताना जोड पुरेसा विसकटला आहे असे गृहीत धरलेले असते. हाताने चारदोन वेळा पिसल्याने जुना क्रम खरोखर नाहीसा होतो काय? दामोदर धर्मानंद कोसंबी व यू. व्ही. राममोहन राव यांनी पत्ते पिसून येणाऱ्या यादृच्छिकतेच्या कार्यक्षमतेविषयी १९५८ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला, तो याच मूलभूत शंकेला भिडणारा आहे. भर्तृहरीच्या सुभाषितांच्या पाठचिकित्सेसाठी मराठी अभ्यासकांना परिचित असलेल्या कोसंबींनी पत्त्यांच्या जोडाकडेही त्याच वृत्तीने पाहिले. पोथी असो की पत्ते, हाती आलेला क्रम कसा सिद्ध झाला हे आधी विचारावयाचे. त्यावरून निष्कर्ष मागाहून काढावयाचे.

याखेरीज पुष्कळ साध्या वाटा उरतात. सुरुवातीचे काही छापील पत्ते पाठीमागूनही ओळखता येत, असा आक्षेप त्या काळीच घेतला गेला. पिअर्स–प्रॅट मालिकेविषयी इंग्रज मानसशास्त्रज्ञ सी. ई. एम. हॅन्सेल यांनी १९६० साली ड्यूक विद्यापीठास भेट देऊन जागेची पाहणी केली आणि पिअर्स एकटाच असल्यामुळे त्याला जागा सोडून जाऊन पत्ते पाहणे अशक्य नव्हते, अशी शक्यता मांडली. तसे घडले याचा पुरावा त्यांच्याजवळ नव्हता, आणि न घडल्याची हमी प्रयोगाच्या रचनेत नव्हती. अतींद्रिय शक्ती व चोरून पाहणे या दोन्ही उपपत्तींना ५५८ ही संख्या सारखीच अनुकूल आहे. त्यांच्यात निवड करण्याचे साधन प्रमाण विचलनात नाही. ते प्रयोगाच्या मांडणीत असावयास हवे होते.

४

गृहीतके सांभाळली तरी एक धोका शिल्लक राहतो, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. फल असाधारण आहे की नाही हे ठरविताना ते किती फलांतून उचलले हेही पाहावे लागते. एका जोडात १० किंवा अधिक यशे मिळण्याची संभाव्यता सुमारे १.७ टक्के, असे वर म्हटले. परंतु १०० व्यक्तींना प्रत्येकी एक जोड ओळखावयास दिला, तर त्यांपैकी निदान एकीला तरी १० किंवा अधिक यशे मिळण्याची संभाव्यता सुमारे ८३ टक्के होते. अशी व्यक्ती सापडली नाही तरच थोडे आश्चर्य वाटावे. त्या एका व्यक्तीचे फल वेगळे काढून प्रसिद्ध केले आणि बाकीच्या ९९ जणांचा उल्लेख केला नाही, तर साधारण घटनेतून असाधारण घटना निर्माण होते, आणि तीही एकाही आकड्यात फेरफार न करता.

इंग्लंडमधील गणिताचे अध्यापक एस. जी. सोल यांची कथा या दृष्टीने लक्षणीय आहे. १९३४ नंतर पाच वर्षे त्यांनी १६० व्यक्तींवर सव्वा लाखाहून अधिक चाचण्या घेतल्या व राइन यांच्या दाव्यास पुष्टी देणारे काही सापडले नाही, असे जाहीर केले. पुढे व्हेटली कॅरिंग्टन यांच्या सूचनेवरून त्यांनी तेच कागद पुन्हा तपासले. या वेळी अंदाज समोरच्या पत्त्याशी न ताडता त्याच्या आधीच्या व नंतरच्या पत्त्याशी ताडून पाहिले. आणि १६० पैकी दोन व्यक्तींच्या फलांत त्यांना विलक्षण जुळणी आढळली.

अनुभवसिद्ध नियम एवढ्यावर खुशाल बोट ठेवून ‘असाधारण’ म्हणेल. परंतु १६० व्यक्ती आणि प्रत्येकीची तीन प्रकारे तपासणी धरली तर ४८० तपासण्या होतात. त्यांतून केवळ यदृच्छेने दोन विचलनांबाहेर सुमारे २४ आणि तीन विचलनांबाहेर एखाददुसरे फल अपेक्षितच आहे. म्हणून जुन्या कागदांतून निघालेले फल कितीही दूरचे असले तरी त्याचा दर्जा अनुमानाचा. पुराव्याचा दर्जा त्याला नव्या चाचण्यांनीच मिळू शकतो. सोल यांनी ही रीत पाळली. १९४१ ते १९४३ या काळात के. एम. गोल्डनी यांच्या सहकार्याने त्यांनी त्या दोघांपैकी बॅसिल शॅकल्टन यांच्यावर नव्याने प्रयोग केले. आणि जुळणी पुन्हा दिसली, तीही यदृच्छेचा विचारच करता येऊ नये इतक्या अंतराने. पुढील तीस वर्षे हे प्रयोग या शास्त्रातील सर्वांत निर्दोष म्हणून गणले गेले.

१९७८ साली बेटी मार्कविक यांनी त्या प्रयोगांतील लक्ष्यांकांच्या याद्यांची संगणकाच्या साहाय्याने छाननी केली. काही ठिकाणी अंकांच्या त्याच मालिका पुन्हा वापरलेल्या दिसल्या. त्यांच्या मध्ये जादा अंक घातलेले होते, आणि ते जादा अंक बहुतांशी यशांच्या जागीच होते. ते वगळताच त्या भागांतील फल यदृच्छेच्या पातळीवर आले. येथे स्वतंत्र चाचण्या, आधी ठरविलेली कसोटी, प्रचंड संख्या, सर्व काही होते. नव्हता तो केवळ नोंदीचा प्रामाणिकपणा. नियमाला हे कळण्याचा मार्ग नाही. तो आकड्यांवर विश्वास ठेवूनच सुरू होतो.

या उदाहरणात एक उपरोध आहे, तोही नोंदवावा. सोल यांचा दावा शेवटी कोसळला तो ‘फल फार असाधारण आहे’ या तक्रारीमुळे नव्हे, तर मूळ कागदांच्या पाठचिकित्सेमुळे. पुनरावृत्त ओळी शोधणे, घुसडलेले अंश ओळखणे, प्रक्षेप कोणत्या हेतूच्या बाजूने पडतात हे पाहणे, ही भाषाशास्त्राच्या व संहितासंपादनाच्या अभ्यासकांची नित्याची साधने आहेत. संख्येच्या प्रांतातही निर्णय त्यांनीच दिला.

५

एवढ्यावरून नियमच टाकाऊ ठरवावा काय? तसे म्हणणे दुसऱ्या टोकास जाणे होईल. नियमाचा समंजस उपयोग कसा असतो याचे उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ‘कास्तानेदा विरुद्ध पार्तीदा’ या खटल्यात घालून दिले आहे. टेक्सास राज्यातील हिदाल्गो परगण्यात लोकसंख्येपैकी ७९.१ टक्के लोक मेक्सिकन वंशाचे होते. ११ वर्षांच्या काळात ग्रँड ज्युरीसाठी बोलावलेल्या ८७० व्यक्तींमध्ये ते ३३९ होते, म्हणजे सुमारे ३९ टक्के. निवड वंशाकडे न पाहता झाली असती तर अपेक्षित संख्या सुमारे ६८८ आणि प्रमाण विचलन सुमारे १२. प्रत्यक्ष संख्या सुमारे २९ विचलनांनी कमी पडली. अशा मोठ्या नमुन्यात अपेक्षित व प्रत्यक्ष संख्येतील अंतर दोनतीन प्रमाण विचलनांहून अधिक असेल तर निवड यादृच्छिक होती हे गृहीतक संशयास्पद ठरते, असे न्यायालयाने आपल्या निर्णयाच्या तळटिपेत म्हटले.

पिअर्सच्या ११ विचलनांवरून अतींद्रिय शक्ती सिद्ध झाली असे मानणारा अभ्यासक येथे २९ विचलनांवरून पक्षपात सिद्ध झाला असे एका दमात म्हणाला असता. न्यायालयाने तसे म्हटले नाही. या अंतराने प्रथमदर्शनी प्रकरण उभे राहते आणि स्पष्टीकरण देण्याचा भार शासनावर पडतो, असे त्याने ठरविले. आकड्यांच्या जोडीला निवडीची पद्धतही पाहिली गेली. नावे चिठ्ठ्या टाकून काढली जात नसत. नेमलेले आयुक्त आपल्या विचाराने ती सुचवीत, आणि त्यात पक्षपातास वाव होता. शासनाने समाधानकारक स्पष्टीकरण दिले नाही, म्हणून निर्णय त्याच्या विरुद्ध गेला. तोही पाचास चार मतांनी. अल्पमतातील एक आक्षेप विशेष विचारार्ह आहे. तुलना एकूण लोकसंख्येशी न करता ज्युरीच्या कामास पात्र असलेल्या लोकसंख्येशी करावयास हवी होती, असा तो आक्षेप होता. म्हणजे वाद प्रमाण विचलनाविषयी नव्हता. तो यशाची संभाव्यता कोणती धरावी याविषयी होता. आणि ही संभाव्यता गणित देत नसते, ती विषयाच्या ज्ञानातून आणावी लागते.

राइन यांच्या अनुयायांची रीत आणि न्यायालयाची रीत यांतील भेद थोडक्यात असा मांडता येईल. पहिली रीत असाधारण फलाला उत्तर समजते. दुसरी त्याला प्रश्न समजते, आणि तो कोणाला विचारावयाचा हेही ठरवते. नियमाचा खरा अधिकार या दुसऱ्या कामापुरता आहे.

६

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांना या विवेचनाची गरज का, असे कोणी विचारील. गरज अशी की, मोजता येणारी सामग्री आता या विषयातही विपुल झाली आहे आणि तिच्याबरोबर हा नियमही प्रबंधांत शिरला आहे. तीन ठिकाणी तो विशेष जपून वापरावा लागतो.

पहिले ठिकाण बोलींच्या सर्वेक्षणाचे. समजा, एखाद्या परिसरातील ४०० स्त्रियांना विचारले आणि त्यांपैकी २३० जणी ‘मी जातो’ व १७० जणी ‘मी जाते’ असे म्हणाल्या. दोन्ही रूपे सारखीच रूढ आहेत असे गृहीत धरले तर माध्य २००, प्रमाण विचलन १०; म्हणजे फल बरोबर तीन विचलनांवर. अभ्यासक आनंदाने ‘अत्यंत असाधारण’ असे लिहील. परंतु या ४०० जणी ४० मोठ्या कुटुंबांतील प्रत्येकी दहा असतील आणि एका घरातील सर्व जणी एकच रूप वापरीत असतील, तर स्वतंत्र चाचण्या ४०० नसून ४० आहेत. मग प्रमाण विचलन १० न राहता सुमारे ३१.६ होते, आणि ३० चे अंतर एका विचलनाच्याही आत येते. आकडे तेच, रूपे तीच. असाधारणत्व मात्र नाहीसे झाले. भाषा ही मुळात एकमेकांकडून शिकण्याची गोष्ट आहे. ज्या सामग्रीचे सारच परस्परावलंबन आहे तिच्यात स्वतंत्रता गृहीत धरणे हे सोयीचे असेल, परंतु निर्दोष नाही.

दुसरे ठिकाण शब्दांच्या वारंवारतेचे. एखादा शब्द एका ग्रंथात दुसऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळा आला, तर लेखक भिन्न असावेत, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु पावसाळ्याच्या वर्णनात ‘पाऊस’ एकदा आला की तो पुन्हा पुन्हा येणारच; शब्द नाण्याच्या फेकीप्रमाणे स्वतंत्रपणे पडत नाहीत. फ्रेडरिक मॉस्टेलर व डेव्हिड वॉलेस यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात ‘फेडरलिस्ट’ निबंधांपैकी वादग्रस्त १२ निबंधांचे कर्तृत्व तपासताना ही अडचण ओळखली. विषयानुरूप बदलणारे शब्द त्यांनी टाळले, मुख्यतः अव्ययांसारख्या निर्विषय शब्दांवर भर दिला, आणि तरीही साधे प्रतिमान पुरे पडत नाही असे दिसल्यावर शब्दांच्या पुंजके करून येण्याच्या प्रवृत्तीला वाव देणारे ऋण द्विपद वितरण वापरले. त्यांचे निष्कर्ष टिकले याचे श्रेय या सावधपणाला आहे.

तिसरे ठिकाण भाषांच्या नात्याचे. ‘बदनाम’, ‘बदलौकिक’ या शब्दांतून मराठीत रुळलेला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचे ध्वनी व अर्थ जुळतात. तरी त्यांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध नाही. असा योगायोग किती वेळा घडावा? समजा, १०० शब्दांच्या यादीत प्रत्येक शब्द योगायोगाने जुळण्याची संभाव्यता ०.०४ आहे. मग माध्य ४ आणि प्रमाण विचलन सुमारे १.९६. नियमाप्रमाणे ८ किंवा अधिक जुळण्या दोन विचलनांबाहेर पडतात, आणि त्या बाजूची संभाव्यता सुमारे २.३ टक्के असावयास हवी. नेमके गणित केले तर ती सुमारे ४.८ टक्के येते, म्हणजे दुप्पट. तीन विचलनांबाहेर, म्हणजे १० किंवा अधिक जुळण्यांची संभाव्यता नियमानुसार हजारात एकाहून किंचित अधिक. प्रत्यक्षात ती हजारात जवळजवळ सात. खालच्या बाजूस तर तीन विचलनांची सीमा शून्याच्याही खाली जाते, आणि शून्याहून कमी जुळण्या ही कल्पनाच निरर्थक आहे. अपेक्षित यशे इतकी थोडी असतात तेथे प्रसामान्य वक्राचा आधार सोडून द्विपद सूत्रानेच गणित करावे. शिवाय ०.०४ ही संख्या कोठून आली, हा प्रश्न राहतोच. कोणत्या ध्वनींना ‘जुळणारे’ म्हणावयाचे आणि अर्थाची किती ओढाताण चालवून घ्यावयाची, यावर ती ठरते. आणि ही सैलता अभ्यासकाच्या हाती असते. यादीवर नजर टाकल्यानंतर नियम सैल केला, तर हवे तितके नाते सिद्ध करता येते.

म्हणून ‘फल दोन प्रमाण विचलनांबाहेर आहे’ हे वाक्य प्रबंधात एकटे येऊ नये. यशाची संभाव्यता कोठून घेतली, चाचण्या परस्परांपासून कितपत स्वतंत्र आहेत, अपेक्षित यशांची संख्या प्रसामान्य वक्राचा आधार घेण्याइतकी मोठी आहे काय, प्रसिद्ध केलेले फल एकूण किती तपासण्यांतून निवडले आणि मूळ नोंदी कोणाला पुन्हा पाहता येतील, या पाच प्रश्नांची उत्तरे त्याच्या शेजारी असावीत. ही उत्तरे दिलेली असतील तर दोन विचलनांचे माफक अंतरही विचारास पात्र ठरते. नसतील तर वीस विचलनांचे अंतरही केवळ कुतूहलाचा विषय राहते. परीक्षकाने प्रबंध हाती घेताना प्रमाण विचलनाचा आकडा आधी न वाचता ही पाच उत्तरे आधी शोधावीत, आणि ती नसतील तर प्रबंध त्यांच्यासाठी परत करावा.